घासलेली खाच भरत नाही

रेकॉर्ड वाजवताना खराब होते, असं आपण समजतो. ते खरं आहे, पण अर्धंच. डोळ्यांना दिसणारे बहुतेक ओरखडे रेकॉर्ड पाकिटातून ओढून काढताना आणि घाईघाईने परत कोंबताना पडतात. कागदी पाकिटात धूळ साचते आणि पाकीट घट्ट असेल तर ती धूळ पॉलिश पेपरासारखी तबकडीवर घासत जाते. म्हणून पाकीट दोन्ही बाजूंनी किंचित दाबून त्याचं तोंड उघडायचं, तबकडी अलगद हातात येऊ द्यायची आणि कडेला व मधल्या लेबललाच धरायचं. खाचांवर बोट लागता कामा नये, कारण बोटाचं तेल तिथेच राहतं आणि धुळीला धरून ठेवतं.

हे मी अब्बांकडून शिकले. ते गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. दिवसभर ग्रीस आणि ऑइलमध्ये बुडालेले हात ते रेकॉर्डला लावण्याआधी दोनदा साबणाने धुवत आणि पंच्याने कोरडे करत. अम्मी चेष्टेने म्हणायची, "इत्ता ध्यान वुजू में भी रखा करो जी." अब्बा हसायचे, पण तिसऱ्यांदा हात बघितल्याशिवाय पाकिटाला हात लावत नसत.

अब्बा गेले तेव्हा घरात चौसष्ट रेकॉर्ड होत्या. एक्केचाळीस एलपी आणि ईपी, तेवीस जुन्या ७८ फेऱ्यांच्या. अम्मी इद्दतीत होती. चार महिने दहा दिवस त्या पेटीला कोणी हात लावला नाही. नात्यातले एक बुजुर्ग म्हणून गेले की मय्यतीच्या घरात बाजा शोभत नाही, तो आता कायमचा बंद करा. त्यातच पावसाळा गेला. मिरजेचा पाऊस कोकणासारखा नसला तरी बंद पेटीला पुरेसा असतो. इद्दत संपल्यावर अम्मीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "पेटी खोल के देखी क्या?" उघडली तर कागदी पाकिटांना वास येत होता आणि काही तबकड्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके होते.

साफ करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. सगळ्या रेकॉर्ड एकाच पदार्थाच्या नसतात. गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात झालं, तेव्हापासून पुढची जवळपास सहा दशकं आपल्याकडच्या रेकॉर्ड मुख्यतः लाखेच्या होत्या. लाखेत दगडाची भुकटी, काजळी आणि सुताचे तंतू मिसळून ती तबकडी दाबत. १९४८ मध्ये अमेरिकेत एलपी आली, ती विनाइलची, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकची. लाखेची रेकॉर्ड हातातून पडली की फुटते. विनाइलची फुटत नाही, पण तिच्यावर ओरखडा चटकन उमटतो, उन्हात ती वाकडी होते आणि घासली की तिच्यात स्थिर वीज तयार होऊन ती धूळ ओढून घेते.

मिरजेच्या माणसाला लाख समजावून सांगायला नको. इथले सतारमेकर भोपळ्याच्या तंबोऱ्यावर चपड्याचं पॉलिश चढवतात. चपडा म्हणजे लाखच, आणि ती विरघळते स्पिरिटमध्ये. तरीही जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने अब्बांच्या हयातीत त्यांची एक ७८ची रेकॉर्ड "चकाचक करून देतो" म्हणून स्पिरिटने पुसली होती. चमक गेली, खाचा पांढुरक्या झाल्या, आणि आत जो आवाज होता तो खरखरीत बुडाला. विनाइलवर जे द्रावण चालतं ते लाखेवर चालेलच असं नाही. लाखेच्या रेकॉर्डवर अल्कोहोल असलेलं काहीही वापरायचं नाही, हा नियम तेव्हापासून आमच्या घरात पाठ आहे.

मी केलं ते असं. आधी मऊ कोरड्या ब्रशने, घराबाहेर, तोंडाला रुमाल बांधून बुरशी झाडली. मग डिस्टिल्ड पाण्यात बिनवासाच्या सौम्य लिक्विड साबणाचे दोन थेंब टाकले. नळाचं पाणी टाळलं, कारण त्यातले क्षार वाळल्यावर खाचेत बसतात. मऊ कपडा भिजवून पिळला आणि खाचांच्या दिशेने, गोल गोल फिरवला. आडवा कधीच नाही. लेबल कोरडं ठेवलं. मग साध्या डिस्टिल्ड पाण्याने तसंच पुसलं आणि तबकडी उभी करून सावलीत वाळवली. लाखेच्या रेकॉर्डना पाणी अगदी थोडा वेळ लागू दिलं, कारण त्यातली भुकटी आणि तंतू ओल धरतात. जुनी पाकिटं बदलली. त्यांच्यावर अब्बांच्या अक्षरात तारखा होत्या, म्हणून ती टाकली नाहीत, वेगळ्या डब्यात ठेवली.

बुरशी गेली, धूळ गेली. झीज मात्र गेली नाही, आणि ती जाणारही नव्हती.

झीज कशी होते, हे मी शाळेत मुलांना एकदा फळ्यावर समजावलं होतं. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवताना "पीळ" आणि "वेटोळं" हे शब्द आले, तेव्हा एलपीचंच चित्र काढलं. एलपीच्या एका बाजूवर असंख्य गोल नसतात, बाहेरून आत जाणारी एकच खाच असते. वीस मिनिटांच्या बाजूला तबकडी साडेसहाशेहून जास्त फेऱ्या घेते आणि ती खाच सरळ केली तर सुमारे चारशे मीटर भरेल. एवढ्या वाटेवर सुई खाचेच्या दोन्ही भिंतींना घासत चालते. सुई बोथट किंवा तुटकी असेल, तर ती खाच वाचत नाही, खरवडते.

आमच्या घरात त्यात नाण्याची भर पडली होती. रेकॉर्ड एखाद्या जागी अडकली की अब्बा सुईच्या दांड्यावर चार आण्याचं नाणं ठेवत. त्या काळात कित्येक घरांत हेच चालायचं. आताच्या बऱ्याच सुयांना दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. नाण्याने तो दुपटीच्या पुढे जातो, आणि हा सगळा भार सुईच्या टोकाएवढ्या जागेवर येतो. जुन्या चावीच्या ग्रामोफोनचा भार तर शंभर ग्रॅमच्या पुढे असे. म्हणून त्याची पोलादी पिन दर बाजूला बदलायची असते, आणि त्यावर एलपी कधीही लावायची नसते. शिवाय ७८च्या खाचा एलपीच्या खाचांपेक्षा रुंद असतात. त्यांना सुमारे तीन हजारांश इंचाची सुई लागते, एलपीला एक हजारांश किंवा त्याहून बारीक. एकच सुई दोन्हीकडे चालवली तर दोन्हीकडे नुकसान होतं.

मग वारशाचा प्रश्न आला. भाईजान पुण्यात असतात. घर विकायचं ठरलं होतं, आणि एका संग्राहकाने रेकॉर्डचा उक्ता भाव सांगितला होता. भाईजानचं म्हणणं व्यवहारी होतं. सगळी गाणी मोबाइलवर आहेत, अम्मी आता तुझ्याकडे दोन खोल्यांत राहणार, ही पेटी ठेवणार कुठे? माझ्याकडे त्याला चांगलं उत्तर नव्हतं.

अम्मी म्हणाली, "बेवा का आठवां हिस्सा होता ना? चौसठ का आठवां आठ. मेरे आठ मैं चुन लेती." आणि तिने खरंच बसून आठ निवडल्या. त्यात अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ होती. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, त्यांची कबर आमच्या मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे. झिंझोटीतली त्यांची ठुमरी रेकॉर्डवर ऐकून लहानगे भीमसेन जोशी घर सोडून गुरूच्या शोधात निघाले, ही गोष्ट अब्बा ईदला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगत. बाकीच्या सात कव्वालीच्या आणि नाटकातल्या गाण्यांच्या होत्या. आठही सगळ्यात जास्त घासलेल्या होत्या. नाण्याखाली चाललेल्या. संग्राहकाने त्यांना हातही लावला नसता.

भाईजानने त्या आठ एकेक करून हातात घेतल्या. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "सगळ्याच राहू देत तिच्याकडे."

त्यानंतर मी दोन कामं केली. आधी प्रत्येक रेकॉर्डची योग्य सुईने एकदा नीट प्रत उतरवून घेतली, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवली. रोजच्या ऐकण्यासाठी ती प्रत. स्वयंपाक करताना अम्मी फोनवर लावते आणि तिची काही तक्रार नाही. मूळ रेकॉर्ड जुम्म्याच्या रात्री एक, तीही एकच बाजू. ज्यांना वाटतं की जपायचं म्हणजे कुलूपबंद ठेवायचं, त्यांना मी आमच्या बुरशीची गोष्ट सांगते. आणि ज्यांना वाटतं की रोज वाजवलं म्हणजे प्रेम, त्यांना नाण्याची.

दुसरं काम जागेचं. रेकॉर्ड आडव्या रचायच्या नाहीत. वरच्यांच्या वजनाने खालच्या वाकतात, लाखेच्या तडकतात. त्या पुस्तकांसारख्या उभ्या, तिरक्या न होता, ना सैल ना घट्ट ठेवायच्या. आतल्या पाकिटाचं तोंड वर करायचं, म्हणजे धूळ सरळ आत शिरत नाही. बाहेरच्या भिंतीला, गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावर, खिडकीच्या उन्हात नाही. माझ्या दोन खोल्यांत अशी एकच जागा निघाली, माझ्या पुस्तकांच्या कपाटातला खालचा कप्पा. तिथली बीएडची जाडजूड पुस्तकं आता पलंगाखाली आहेत.

अम्मीने सुईचा हिशेब स्वतःकडे घेतला आहे. कॅलेंडरवर दर जुम्म्याला एक रेघ मारते. किती रेघा झाल्या की सुई बदलायची, हे तिने मला विचारून लिहून ठेवलंय. अब्बांचं चार आण्याचं नाणं तिच्या पानदानात आहे. ते ती दांड्यावर ठेवू देत नाही.