मंडईपासून चुलीपर्यंत

आयुष्यभर जिने घरचा स्वयंपाक सांभाळला ती अंथरुणाला खिळते आणि सत्तरीच्या गृहस्थाच्या हाती प्रथमच पळी येते. असा प्रसंग आपल्यावर आला असेल आणि आपण पुण्यात राहत असाल, तर एका सकाळी महात्मा फुले मंडईत जाऊन यावे. भुयारी मेट्रोचे स्थानक आता शेजारीच झाले आहे. १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने उभी राहिलेली ही दगडी वास्तू, तिचा अष्टकोनी मनोरा आणि ओट्यांवर रचलेल्या भाज्या पाहत सावकाश हिंडावे. खरेदीची घाई नको.

एखाद्या भाजीवालीला विचारा, “मावशी, आज कोवळं काय आहे?” भाजी कशी करावी, हेही ती बहुधा न विचारता सांगेल. दुधीच्या सालीत नख रुतवून पाहण्याची पुणेरी सवय मात्र आवरा. त्यावरून ऐकून घ्यावे लागते! लहानसा दुधी आणि दोन लिंबे एवढे पुरे. जड पिशवी उचलून पाठ धरली, तर रुग्णाचे कोण करणार?

घरी आल्यावर दुधीचा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंकून सगळा दुधी टाकून द्या. त्यातील विषारी द्रव्य शिजवल्यानेही जात नाही. गोड निघाला तर तो किसून खिचडीत घालता येईल.

खिचडीचा प्रयोग असा करा. दोन भांड्यांत प्रत्येकी पाव वाटी तांदूळ व पाव वाटी मूगडाळ घ्या. एकात दोन वाट्या पाणी, दुसऱ्यात तीन. दोन्ही एकाच कुकरमध्ये शिजवा. कोणती सहज गिळली जाते, हे रुग्णच ठरवील. गिळताना वारंवार ठसका लागत असेल, तर मात्र प्रयोग थांबवून डॉक्टरांना विचारावे.

मिठाची कसोटी अधिक अवघड. वयोमानाने जिभेची व नाकाची धार बोथट होते, म्हणून आपल्याला अळणी वाटणारे अन्न प्रत्यक्षात तसे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचे मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चहाच्या चमच्यापेक्षा, कमी असावे. चव वाढवायला लिंबू, जिरे, कोथिंबीर वापरा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

वास मंदावल्याने गॅसची गळतीही लवकर कळत नाही. शेगडी बंद केल्यावर सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवूनच ताट वाढायला घ्या. फोडणीबद्दल खोलीतून एखादी सूचना येईलच. ती वहीत टिपून ठेवा.