न आलेल्याची चौकशी

युवकांविषयी लिहावयास बसले की लेखणी आपोआप उपदेशाकडे वळते, असा आमचा अनुभव आहे. तरुण पिढी वाचीत नाही, व्यायाम करीत नाही, वडीलधाऱ्यांचे ऐकत नाही, मराठी धड बोलत नाही आणि हातातील फोन खाली ठेवीत नाही, ही तक्रारींची माळ आता इतकी गुळगुळीत झाली आहे की जप करणाऱ्यालाही तिचे मणी जाणवत नाहीत. सरकारी शाळेत तीस वर्षे काढल्यामुळे ही माळ आमच्याही हाती पुष्कळदा येते. परंतु आज ती बाजूस ठेवून वाचकांस एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. सायंकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळात आपल्या समाजातील सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने जावे तरी कोठे?

शाळा-कॉलेज सुटलेले असते. घर दोन खोल्यांचे. त्यात आजीची दूरदर्शनवरील मालिका आणि धाकट्या भावंडांचा गृहपाठ. देवळात जावे तर आरतीपुरते. उपाहारगृहात बसावे तर खिशात पैसे हवेत. मग उरतो तो रस्त्याचा कोपरा आणि पानाच्या गल्ल्यापुढचा कट्टा. तेथे कोणी कोणास 'का आलास' म्हणून विचारीत नाही, हे त्या कट्ट्याचे आकर्षण. आणि एखादा आला नाही तरी कोणी विचारीत नाही, हे त्याचे वैगुण्य.

आम्हां बडोद्याच्या मराठी माणसांस हा प्रश्न नवा नाही. आमच्या पूर्वजांनी त्याचे एक उत्तर शोधले होते, ते म्हणजे आखाडा. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिराचे नाव व्यायामप्रेमी वाचकांस ठाऊक असेलच. प्रा. माणिकरावांनी ती संस्था नावारूपास आणली आणि तिला नाव मात्र आपल्या गुरूंचे ठेवले. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेल्या व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड याच शहरातून निघाले, यावरून येथील मराठी समाजाने शरीरसाधना किती मनावर घेतली होती हे ध्यानी येते. १९८० च्या सुमारास आम्हीही घराजवळच्या एका लहानशा आखाड्यात जात असू. खरे सांगावयाचे तर मल्लखांब आम्हांस कधी साधला नाही आणि आमच्या दंडावर फारसे मांसही चढले नाही. पण तेथील वस्तादांची एक गोष्ट आजही लक्षात आहे. एखादे दिवशी आम्ही दांडी मारली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव मार्केटात भाजी घेताना आमच्या आईसमोरच ते विचारीत, "काय रे, काल दिसला नाहीस?" त्या प्रश्नात दरारा होता हे खरे. त्यापेक्षाही अधिक असे काहीतरी त्यात होते, ते मोठेपणी कळू लागले. चाळीस मुलांच्या घोळक्यात आपण नव्हतो, हे कोणाच्या तरी ध्यानात आले होते.

या गावच्या राजाचीही रीत तीच होती. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण नुसता कायदा करून ते थांबले नाहीत. मूल शाळेत आले नाही तर पालकास दंड होत असे. १९१० नंतर ग्रंथालयांची चळवळ उभी राहिली, तेव्हा पुस्तके पेट्यांत भरून गावोगाव धाडण्यात आली. आलेल्याचे स्वागत कोणीही करतो. न आलेल्याच्या दारापर्यंत जाण्याची ही बुद्धी मात्र विरळ.

आता काळ पालटला आहे. केवळ जोर-बैठकांनी आजच्या मुलांचे प्रश्न सुटणारे नाहीत. सरकारनेही युवकांसाठी काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १९६९ साली महाविद्यालयांतून राष्ट्रीय सेवा योजना आली, १९७२ साली नेहरू युवा केंद्रे निघाली, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी 'मेरा युवा भारत' या संस्थेचा प्रारंभ झाला. या योजनांतून पुष्कळ मुलांचे भले झाले आहे आणि आमच्या माजी विद्यार्थ्यांत त्याचे दाखले आहेत. पण देशव्यापी योजनेला उपस्थितांची संख्या मोजावी लागते. अनुपस्थिताचे घर तिला माहीत नसते. ते काम गल्लीतल्याच माणसाचे.

आमच्या भागातील एका मराठी मंडळाच्या वास्तूत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. दहा वर्षांपूर्वीपर्यंत तेथे मोडक्या खुर्च्या, सतरंज्या आणि गणेशोत्सवातील मखरांचे सांगाडे पडलेले असत. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी त्या खोल्या मागून घेतल्या, चार मुलांना हाताशी धरून झाडल्या, भिंतींना चुना दिला आणि 'युवक केंद्र' अशी पाटी लावली. त्यांना सारे नुसते 'काका' म्हणतात. पहिल्या खोलीत एक लांब मेज, दोन मराठी व एक गुजराती वर्तमानपत्र, स्पर्धापरीक्षांची पुस्तके आणि पुस्तकांची दोन कपाटे. दुसऱ्या खोलीत कॅरम, बुद्धिबळ आणि भिंतीशी उभी केलेली लेझमांची चळत. निवृत्त बँक-कारकून असलेले एक सद्गृहस्थ मंगळवारी व शुक्रवारी गणित शिकवितात. शिष्यवृत्तीचे, आयटीआयचे, नोकरभरतीचे अर्ज कसे भरावेत, कोणता दाखला कोठून काढावा, मुलाखतीत कसे बसावे, कसे बोलावे, हे मोठी मुले लहानांस दाखवितात. यात अपूर्वाईचे काहीच नाही. अशी केंद्रे अनेक ठिकाणी निघाली आणि त्यांतली कित्येक वर्ष-दोन वर्षांत बंदही पडली.

हे केंद्र टिकले ते आमच्या मते काकांच्या दोन नियमांमुळे. पहिला नियम असा की दार रोज साडेपाचला उघडावयाचे. पाऊस असो, सणवार असो, एकच मुलगा येवो की एकही न येवो. दुसरा नियम अधिक मार्मिक आहे. प्रत्येक मुलाकडे केंद्राचे एक पुस्तक असलेच पाहिजे. वाचावयाचे नसेल तरीही घरी न्यावयाचे. प्रथम आम्हांस वाटले की ही वाचनाची गोडी लावण्याची युक्ती असावी. काकांनी हसून खुलासा केला, "सर, पोरगा तीन दिवस आला नाही, तर त्याच्या घरी जायला निमित्त नको का?"

वाचकहो, या वाक्यावर आम्ही पुष्कळ विचार केला आहे. तरुण मुलाच्या घरी 'तुझे कसे चालले आहे' असे विचारीत गेले, तर तो 'बरे चालले आहे' म्हणून दार लावून घेतो. आईबापांनाही लोक चौकशीला आले की चारचौघांत शोभा झाल्यासारखे वाटते. पुस्तक मागावयास आलेल्या मित्रास मात्र कोणी परत पाठवीत नाही.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. बारावीचा निकाल लागला आणि रसायनशास्त्रात एक मुलगा नापास झाला. वडील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पाळीवर जाणारे, अबोल स्वभावाचे. त्यांनी बोलणेच टाकले. आई रडत होती. मुलगा केंद्रात यावयाचा थांबला. चौथ्या दिवशी नोंदवहीत त्याच्या नावापुढे काकांनी फुली केली आणि दोन मुलांना पाठविले. तो अगाशीवर पाण्याच्या टाकीआड बसला होता. "अरे, पुस्तक दे ना, काका ओरडताहेत," एवढेच ते म्हणाले. निकालाचा विषय त्यांनी काढला नाही. तशी त्यांना सक्त ताकीद होती. पुस्तक सापडेना. ते शोधण्यात तासभर गेला, मग चहा झाला, मग तिघेही केंद्राकडे निघाले. पुढे बँकवाल्या गृहस्थांनी रसायनशास्त्राचे एक शिक्षक गाठून दिले. मुलाने पुरवणी परीक्षा दिली, नंतर आयटीआयला प्रवेश घेतला. आज तो नोकरीस आहे. त्या अगाशीवर चार दिवस त्याच्या मनात काय चालले होते, हे त्यास कोणी विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले, हा आकडा आम्ही वाचला तेव्हा आम्हांस ती पाण्याची टाकी आठवली.

काकांस आपली मर्यादाही पुरती ठाऊक आहे. मनाचे दुखणे गप्पांनी आणि चहाने बरे होईल, अशा भ्रमात ते नसतात. झोप उडालेली, जेवण तुटलेले, बोलणे निरवानिरवीचे, अशी चिन्हे दिसली की ते मुलाच्या घरच्यांना घेऊन थेट डॉक्टरांकडे जातात. केंद्राच्या दारामागे एक क्रमांक ठळक अक्षरांत लिहिलेला आहे : १४४१६. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा तो क्रमांक. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते, आणि अनेक भारतीय भाषांतून तेथे बोलता येते. वाचकांनी तो आपल्या घरीही लिहून ठेवावा.

मुलींविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. आरंभीची दोन वर्षे केंद्रात एकही मुलगी फिरकली नाही. 'आमच्याकडे मुलींना मनाई नाही', असे कार्यकारिणी सांगत असे आणि ते खरेही होते. मग एका सदस्येने जिना दाखविला. अरुंद, वळणाचा, आणि सातनंतर मिट्ट काळोख! जिन्यात दिवा बसला, खाली चपलांपाशी घोळका करून उभे राहण्यास बंदी झाली, आणि आठवड्यातून तीन दिवस एक शिक्षिका येऊन बसू लागल्या. वर्षभरात लेझीमपथकाच्या पुढच्या रांगेत मुली दिसू लागल्या. मनाई नसणे आणि वाट मोकळी असणे यांत एका जिन्याचे अंतर असते.

भाषेचा प्रश्न आमच्या खास जिव्हाळ्याचा. मराठीची एम. ए. पदवी घेतल्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आमच्या डोळ्यांत कुसळासारख्या सलतात, हे खोटे कशाला सांगावे? केंद्रातील मुले अर्धे वाक्य मराठीत उचलतात, गुजरातीत वळवितात आणि इंग्रजीत टेकवितात. तरी शुद्धतेची चाळणी केंद्राच्या दारात लावू नये, असेच आमचे मत आहे. जी मुले आजीशी मराठी, मित्रांशी गुजराती आणि वर्गात इंग्रजी बोलतात, त्यांना आपण कोठलेच पुरते नाही असे आधीच वाटत असते. तेथे आणखी एका ठिकाणी नापास करून काय साधणार? बडोद्यात १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ अशी चार वेळा मराठी साहित्य संमेलने भरली. त्यांचा आम्हांस अभिमान आहे. पण संमेलन तीन दिवसांत उठते आणि सायंकाळ रोज होते. रोजच्या सायंकाळी ज्या भाषेत कोणी आपुलकीने हाक मारते, ती भाषा मूल सहसा सोडीत नाही. शेजारच्या गुजराती घरांतील चार मुलेही या केंद्रात येतात आणि लेझमीचे बोल अस्खलित मराठीत म्हणतात, हे जाता जाता सांगावयास हवे.

आता हे सारे लिहिण्याचे कारण. गेल्या वार्षिक सभेत त्या दोन खोल्या एका खाजगी शिकवणी वर्गास भाड्याने द्याव्यात, असा ठराव आला. ठराव मांडणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. वास्तूचे छप्पर गळते, महापालिकेचा कर वाढला आहे, वर्गणीदार म्हातारे झाले आहेत. भाड्याची रक्कम खरोखर मोठी होती. केंद्राच्या बाजूने बोलणाऱ्यांनी संस्कृती, परंपरा, समाजऋण असे जड शब्द वापरले आणि खजिनदारांनी छपराच्या दुरुस्तीचा अंदाज वाचून दाखविला. शब्दांपुढे अंदाज भारी पडत होता. तेव्हा मागच्या रांगेतून मकरपुऱ्याच्या कारखान्यात जाणारे ते अबोल गृहस्थ उठले. "भाड्याचा हिशेब मला कळत नाही," ते म्हणाले. "माझ्या घरी दोन मुले पुस्तक मागायला आली होती. तेवढेच मला माहीत आहे." आणि ते खाली बसले. सभेतील बहुतेकांस त्याचा अर्थ कळला नाही. ज्यांस कळला ते काही बोलले नाहीत. ठराव एक वर्षापुरता तहकूब झाला आहे. या वर्षात छपराचा खर्च अन्य मार्गाने उभा राहिला नाही, तर तो पुन्हा येईल आणि बहुधा संमतही होईल.

इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव. जेथे जेथे आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहिली, तेथे तेथे कोणते ना कोणते मराठी मंडळ आहे. अनेकांच्या स्वतःच्या वास्तू आहेत, आणि अशा वास्तूत बहुधा एखादी खोली कुलूपबंद असते. तेव्हा पुढच्या वार्षिक सभेस जाल तेव्हा अहवाल कायम करण्यापूर्वी तीन प्रश्न जरूर विचारा. ती खोली रोज ठराविक वेळी उघडते काय? तिच्या जिन्यात दिवा आहे काय? आणि तेथे येणारा मुलगा वा मुलगी तीन दिवस आली नाही, तर तिच्या घरी कोण जाते?

यांपैकी तिसऱ्या प्रश्नास उत्तर म्हणून एखाद्या माणसाचे नाव मिळाले, तर आपल्या गावी युवक केंद्र आहे असे समजावे, मग पाटी असो वा नसो. नाव मिळाले नाही, तर ते शोधण्यास लागावे. असा माणूस बहुधा आपल्याच गल्लीत राहत असतो, नुकताच निवृत्त झालेला असतो, आणि आपणास कोणी काही विचारील याची वाट पाहत असतो.