आमच्या मामाची जीप आणि पेडण्याची घोडी

मंडळी, मागच्या आठवड्यात ग्रुपवर जुन्या महिंद्रा जीपचे फोटो आले, तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं, "अजून वजन ओढते का हो?" ओढते. पण माझे मामा म्हणत, "ओढपाचें सोड रे, थांबता काय ती, तें विचार."

मामा डिचोलीचे. आयुष्य खाणीवर मेकॅनिक म्हणून गेलं. ऑक्टोबर २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीत ट्रकपासून हॉटेलापर्यंत सगळंच थंडावलं. त्या दिवसांत एका खाणीवरची सीजे ५०० डी मामांनी भंगाराच्या भावात घेतली. मागे वेल्डिंगचा जनरेटर ओढायचा हूक होताच. चारही चाकांना ड्रम ब्रेक, पॉवर-बिवर काही नाही. पाय सगळा जोर लावून दाबायचा.

२०१६च्या शिवजयंतीला आमच्या भागातल्या मंडळींनी नार्व्याच्या सप्तकोटेश्वरापर्यंत मिरवणूक काढायची ठरवली. १६६८मध्ये महाराजांनी या देवळाचा जीर्णोद्धार केला, म्हणून मान तिथला. आपल्याकडे शिगम्यात घोडेमोडणीचे लाकडी घोडे नाचतात, पण या वेळी पोरांना खरे घोडे हवे होते. महाराजांना एक, बाळ शंभूराजांना एक. पेडण्याला माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांकडे लग्नाच्या वरातीच्या दोन घोड्या होत्या आणि दोन घोड्यांचा ट्रेलरही होता. ओढायला मामांची जीप.

मामांनी आदल्या रविवारी पेडण्याला येऊन ट्रेलर बघितला. मग अंगणातच हिशेब मांडला. जीप साधारण सव्वा टनाची, रिकामा ट्रेलर पाचशे किलो, एकेक घोडी साडेतीनशे. म्हणजे दोन्ही घातल्या तर मागचं वजन पुढच्याएवढंच.

"एकच घोडी व्हरतलों," मामा म्हणाले.

कमिटीतले एक जण भडकले. पत्रिका छापून झाल्या होत्या, शंभूराजे होणारा मुलगा त्यांचाच नातू. "मामा, जीप म्हातारी झाली की तुम्ही?" असं चारचौघांत बोलले. मला राग आला. मामा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. दुसरी घोडी आदल्या संध्याकाळी आणून ठेवतो म्हणाले, पण रात्री तिला बांधायला डिचोलीत कोणाकडे जागा नव्हती. शेवटी एकच ठरली.

त्या दिवशी पहाटे मामांनी जे केलं ते मी लक्षात ठेवलं आहे. टायरच्या कडेचे चार आकडे वाचून ते कुठल्या आठवड्यातले, कुठल्या वर्षातले ते पाहिलं. "नक्षी बरी दिसली तरी जुना रबर फुटता." हुकाखाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन अडकवल्या, म्हणजे हूक निसटला तरी दांडा जमिनीवर न पडता साखळ्यांवर झेलला जाईल. ट्रेलरचे ब्रेक रेट्यावर लागणारे होते, जीप मंदावली की तो पुढे ढकलतो आणि त्या ढकलण्यानेच ब्रेक आवळतात. ते मोकळ्या रस्त्यावर तीनदा तपासले. घोडी चढवल्यावर दांड्याखाली वजनकाटा ठेवला. एकूण वजनाचा दहावा भाग हुकावर यायला हवा, म्हणजे ऐंशी-पंच्याऐंशी किलो. कमी आला तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो, फार जास्त झाला तर जीपची पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग हातात राहत नाही.

एकटी घोडी उजव्या कप्प्यात उभी केली. आपला रस्ता मधे उंच आणि डावीकडे उतरता असतो, म्हणून वजन उंच बाजूला. दोर एका झटक्यात सुटेल असा, आणि तोल सावरायला मान खाली घेता येईल इतका सैल. डॉक्टरांचा दाखला खिशात. १९७८च्या प्राणी वाहतूक नियमांत घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे, ती मामांना पाठ होती.

धारगळहून कोलवाळच्या पुलाकडे उतरताना मामांनी उतार लागायच्या आधीच दुसरा गिअर टाकला. मागे हॉर्नची रांग लागली. तेवढ्यात एक टेम्पो ओव्हरटेक करून समोर आला आणि पुढे प्रवासी उभा दिसताच गपकन थांबला. मामांनी ब्रेक दाबला, मागून ट्रेलरने रेटा दिला, जीप कुरकुरली आणि टेम्पोपासून दोन हातांवर उभी राहिली. मागे घोडीने दोनदा खूर आपटले. मामा उतरून तिच्याशी हळू आवाजात बोलून आले. हात थरथरत होते त्यांचे.

आमच्या मागे मोटरसायकलवर कमिटीतले तेच गृहस्थ होते. त्यांनी सगळं पाहिलं. बोलले काहीच नाहीत, पण थिवी, अस्नोडा, मुळगाव करत डिचोली येईपर्यंत ते ट्रेलरच्या मागेच राहिले, हात दाखवत लोकांना मागे ठेवत.

डांबरी रस्त्यावर मामांनी फोर-व्हील लावलं नव्हतं. वळणावर पुढची-मागची चाकं सारखी फिरू शकत नाहीत, ताण गिअरवर येतो. ते लावलं थेट नार्व्याला, सुट्या लाल मातीच्या चढावर.

महाराज घोडीवर बसले. शंभूराजे घोडेमोडणीचा लाकडी घोडा कमरेला बांधून पुढे नाचत निघाले, आणि फोटो सगळ्यात जास्त त्याचेच निघाले.

मामा गेले त्याला आता चार वर्षं झाली. जीप माझ्याकडे आहे. ज्यांच्या दारात अशी जुनी गाडी आहे आणि मागे काही जोडायचा विचार आहे, त्यांनी आधी वजनं कागदावर लिहून काढा. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, हे विसरू नका. आणि कोणी म्हातारा म्हणालं, तर म्हणू द्या.