शीर सापडत नाही तेव्हा

"डॉक्टर, सुई आत आहे ना? मग हात हलवला तर चालेल का?" राउंडवर हा प्रश्न मला जवळजवळ रोज कुणीतरी विचारतं. सुई आत नसते. सुईवर बाहेरून एक मऊ प्लास्टिकची बारीक नळी चढवलेली असते. टोक शिरेत गेलं की मागच्या बाजूला रक्त दिसतं, मग नळी पुढे सरकवायची आणि सुई काढून टाकायची. आत राहते ती फक्त नळी. तेव्हा हात जरूर हलवा, फक्त ओढाताण नको.

वाचायला सोपं वाटतं. मला ते शिकायला बरेच हात लागले, आणि ते सगळे दुसऱ्यांचे होते.

इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यात जुलाबाने गळून गेलेल्या एका आजींना सलाईन लावायचं होतं. शरीरातलं पाणी कमी झालं की शिरा बसतात, हाताला लागतच नाहीत. मी पाच वेळा टोचलं. अनुभवी सिस्टर दोनच खाटा पलीकडे होत्या, पण त्यांना हाक मारायची मला लाज वाटली. डॉक्टर मी होतो ना! शेवटी त्याच आल्या. आजींचा हात खाटेखाली लोंबता ठेवला, पट्टा बांधला, थोडं थांबल्या आणि पहिल्याच वेळी नळी बसवली. मला कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी राउंडला गेलो, तर आजींनी मला पाहिलं आणि हात पदराखाली घेतला.

आता मी नव्या नर्सेसना आणि इंटर्न्सना हेच काम शिकवतो. सुरुवात रबरी हातावर. तो हात फार समजूतदार असतो: शीर सरकत नाही, दुखत नाही आणि शेजारी काळजीत पडलेला मुलगा उभा नसतो. मी सांगतो, डोळ्यांपेक्षा बोटांनी शोधा. चांगली शीर दाबली की स्पंजसारखी परत वर येते. दोरीसारखी कडक लागली तर ती सोडा. कोपराचा सांधा शक्यतो टाळा, हात वाकला की नळी दुमडते. आकडा मोठा तितकी नळी बारीक, म्हणजे गुलाबी २० नंबरपेक्षा निळी २२ बारीक. आणि स्पिरिट आपोआप वाळू द्या, फुंकर मारू नका! (ही सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.)

नाही, चुकलो. सगळ्यात जास्त वेळ थांबायला शिकवण्यात जातो. आमच्याकडे नियम आहे: एकाने दोनदाच प्रयत्न करायचा, मग दुसऱ्याला बोलवायचं. मध्यंतरी एका नव्या मुलीने दोनदा टोचल्यावर मला बोलावलं. चेहरा पडलेला. मी गेलो, मलाही जमलं नाही. मग मी सिस्टरना हाक मारली. पेशंट काका म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांनापण मिळेना होय?" ती मुलगी पहिल्यांदा हसली.

तुम्हीही आम्हाला मदत करू शकता. मागच्या वेळी शीर कुठे मिळाली होती ते आधीच सांगा, पेशंटला ते पक्कं आठवतं. डायलिसिससाठी फिस्टुला केलेला हात सुईसाठी देऊच नका. स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं असेल तर ती बाजू सांगा. दोनदा टोचून झालं असेल तर "दुसऱ्या कुणाला बोलवता का?" असं विचारायला संकोच करू नका, आम्हाला राग येत नाही. आला तर तो आमचा प्रश्न. आणि सलाईन चालू असताना तिथे जळजळ झाली, हात सुजला, लाल झाला, तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी सिस्टरना बोलवा.