एका थेंबाचा जमाखर्च

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दोनच गोष्टींची भीती वाटते. एक, संध्याकाळी न जुळणारी कॅश. आणि दुसरी, सासुरवाडीला अडलेलं यंत्र. दोन्हींवर उपाय एकच, काम होईपर्यंत घरी जायचं नाही. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी ते सासरे ठरवतात.

माझी सासुरवाडी खुलताबादजवळ. तिथला भद्रा मारुती निजलेला आहे. देवच जिथे आडवा झालेला, तिथे जावयाने रविवारी वामकुक्षी का करू नये, असं माझं साधं म्हणणं. पण श्रावणात पावसाने दडी मारली होती, आल्याचे वाफे माना टाकत होते, वीज रात्रीची, आणि विहिरीच्या काठावरच्या डिझेल इंजिनाचं ऑइल नि फिल्टर बदलायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मिस्तरी शनिवारी संभाजीनगरहून मारुतीला पायी येऊन गेलेला. आज घरी पायांना तेल चोळत पडला होता.

"त्यात काय एवढं!" मी म्हणालो. कॉमर्सच्या पदवीधराने हे वाक्य कधी उच्चारू नये.

"जावईबापू," मामा, म्हणजे सासरे, म्हणाले, "कपडे गेले तरी चालतील. विहिरीत थेंब पडता कामा नये."

बायको कानाशी कुजबुजली. तिच्या लहानपणी कुणाच्या तरी हातून जळकं ऑइल विहिरीत सांडलं होतं. सारा उन्हाळा मामींनी प्यायचं पाणी लांबच्या विहिरीवरून डोक्यावर वाहिलं. हात कुणाचा, ते तिने सांगितलं नाही; मामा मात्र अचानक ढग शोधू लागले.

थेंबाला क्षुल्लक समजू नका. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनच्या क्लॅपहॅम तळ्यात चमचाभर तेल ओतलं, तर ते अर्धा एकर पसरलं! १७७४ साली त्याने हे छापूनही आणलं. मामांची विहीर म्हणजे त्या हिशेबाने वाटीच.

इंजिन पाच मिनिटं चालवून बंद केलं. कोमट ऑइल चटकन उतरतं. खाली घमेलं ठेवून बूच काढलं. इथवर झकास. पण फिल्टरच्या डब्यात ऑइल राहतंच, आणि हा डबा आडवा बसवलेला. (या तालुक्यात उभं काही ठेवतच नाहीत की काय!) सैल केला की ऑइल इंजिनाच्या अंगावरून ओघळणार, आणि उतार थेट विहिरीकडे.

मी ट्यूबचा पट्टा गुंडाळून जोर लावणार, तोच मामी आल्या. हातात साखरेची जाड, रिकामी पिशवी.

"आधी थोडासाच सैल करा. मग ही त्याला टोपडं घालतात तशी घाला, तोंड वर धरा, आणि बाहेरूनच फिरवा."

"मामी, हे कुठे शिकलात?"

"त्या उन्हाळ्यात. एका खेपेला वीस मिनिटं लागायची. विचार करायला दुसरं होतं काय?"

डबा पिशवीतच सुटला, ऑइल पिशवीतच राहिलं. बैठक फडक्याने पुसली. जुनी रबरी चकती तिथे चिकटून राहिली नाही ना, ते पाहिलं. ती राहिली आणि वर नवी बसली की गळती नक्की. आमच्याकडे एकच एंट्री दोनदा पडली की होतं तेच. नव्या चकतीला बोटाने ऑइल लावलं, डबा टेकेपर्यंत हाताने फिरवला, वर पाऊण फेरा. नवं ऑइल भरलं, इंजिन सुरू केलं, गळत नाही हे पाहून बंद केलं आणि पट्टीवर पातळी तपासली. जळकं ऑइल मामांनी डब्यात भरलं, बैलगाडीच्या आसाला.

मग आम्ही तिघंही विहिरीत वाकलो. खाली स्वच्छ आभाळ, त्यात तीन डोकी. मामींनी पोहरा सोडला, पाणी ओढलं, पहिला तांब्या माझ्या हातात दिला. मामा इतका वेळ गप्प होते. आता हळूच म्हणाले, "त्या वेळी ही पिशवी सुचली असती तर..."

मामींनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. दुसरा तांब्या त्यांच्या हातात दिला.

पण मी पडलो बँकवाला. सगळं इतकं जुळलं की मला शंका येते. फरशी पाहिली, घमेलं पाहिलं, काठ पाहिला. शेवटी बायकोने बोट दाखवलं. माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशावर एक काळा थेंब होता.

कॅश जुळली. मी घरी जायला मोकळा झालो.