फोटो गाडीचा चालतो, गँगमनचा का नाही?



गेल्या मे महिन्यात आम्ही तिघे कार्यकर्ते घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातल्या एका स्टेशनच्या पुलावर उभे होतो. खाली गँगमन भर उन्हात रुळांमधली खडी सारखी करत होते. आम्ही मोबाइलवर फोटो काढले. लगेच एक सुरक्षा जवान आला. "डिलीट करा. गाडीचे काढा हवे तर, यांचे कशाला?" आम्ही तिकीट दाखवून विचारलं, "साहेब, कोणत्या नियमानं?" उत्तर मिळालं नाही. अर्धा तास बसवून ठेवलं. शेवटी आम्हीच घाबरून फोटो पुसले.

चौकशीला आमचा विरोध नाही. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट झाले, ते मुंबई विसरलेली नाही. रुळांवर विनापरवाना उतरणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सिनेमाच्या शूटिंगला परवानगी लागते. पण आम्ही यातलं काहीच करत नव्हतो. १० फेब्रुवारी २०२३ ला सोलापूर आणि शिर्डीच्या वंदे भारत गाड्या सुरू झाल्या, तेव्हा याच मार्गावर शेकडो मोबाइल वर होते. आमच्या आसपास तरी कुणाला अडवलं नाही. मग धोका कॅमेऱ्याचा, की त्यात काय दिसतं त्याचा?

हा मार्ग पूर्वी जीआयपी रेल्वेचा. त्याच रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं. अस्पृश्याला गँगमन म्हणूनच ठेवतात. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं, म्हणून त्याला पोर्टरही करत नाहीत, हे त्यांनी उघड केलं. आज गँगमधल्या कुणाची जात आम्ही विचारली नाही. पण त्यांचे कष्ट आजही कुणाला दिसू नयेत, हे आम्हाला मान्य नाही.

म्हणून तरुणांनो, तिकीट खिशात ठेवा, रुळांवर उतरू नका, आवाज चढवू नका. नियम विचारा. मोबाइल मागितला तर लेखी नोंद मागा. आणि घाबरून स्वतःच्या हातानं पुरावा पुसू नका. ती चूक आम्ही केली. पुढच्या रविवारी त्याच पुलावर पुन्हा जाणार आहोत.

जयभीम!