नादपरीक्षा

झाशी म्हटले की मराठी वाचकाच्या मनात राणी लक्ष्मीबाई उभी राहते, आणि अभ्यासक असेल तर विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. १८५८ च्या वेढ्यानंतर या शहरातील मराठी माणसाचे पुढे काय झाले, याची विचारपूस आपल्या वाङ्मयाने फारशी केली नाही. वस्तुतः ती माणसे तेथेच राहिली. अठराव्या शतकात नारोशंकरांच्या काळापासून स्थिरावलेल्या घराण्यांमध्ये पुढे नोकरीच्या निमित्ताने आलेल्यांची भर पडली. १८९५ साली रेल्वेचा वॅगन-दुरुस्तीचा कारखाना उभा राहिला आणि १९७४ साली भारत हेवी इलेक्ट्रिकल्सचा. देवघरात मराठी, बाजारात हिंदी, आणि अंगणात दोहोंचे मिश्रण, अशी या घरांतील भाषेची वाटणी आहे. मिश्रण झाले म्हणून भाषा क्षीण झाली असे मानण्याचे कारण नाही. निदान एका बाबतीत तरी, म्हणजे आवाजांच्या नावांत, तिने आपली मिरास जपली आहे.

अशाच एका घरातील एक वृद्ध गृहस्थ ट्रान्सफॉर्मरच्या चाचणी विभागातून निवृत्त झाले. त्यांचे सारे आयुष्य ऐकण्यात गेले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ट्रान्सफॉर्मर कधीच निःशब्द नसतो. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते. प्रत्येक आवर्तनात गाभ्यातील पोलादाचे पत्रे दोनदा किंचित ताणतात आणि सैलावतात, आणि त्यातून सेकंदाला १०० कंपनांची ती परिचित गुणगुण निर्माण होते. ती ऐकू आली म्हणून कोणी घाबरत नाही. तिच्यात खडखड मिसळली तर कोठेतरी बोल्ट ढिला आहे, आणि तडतड मिसळली तर आत ठिणगी उडते आहे, असे जाणता माणूस समजतो. तंबोऱ्याच्या जवारीचेही तसेच आहे. घोडीवर दोरा सरकवून जी झणझण मुद्दाम आणावयाची, तीच सतारीच्या सैल झालेल्या पडद्यातून आली की दोष ठरते. आवाज चांगला की वाईट हे त्याच्या स्थानावरून ठरते, केवळ त्याच्या जातीवरून नव्हे.

एका दिवाळीत त्यांचा नातू दुबईहून आला. त्याच्याजवळ बोटभर लांबीची एक नळी होती, जिला इलेक्ट्रॉनिक सिगारेट म्हणतात. दोन दिवसांपासून ती विचित्र आवाज करू लागली होती. ती लपविण्यापेक्षा आजोबांना दाखवावी असे त्याला वाटले, ही गोष्ट त्या दोघांच्या नात्याविषयी बरेच काही सांगून जाते.

"आजोबा, हे मधूनच आवाज करतंय."

"आवाज देवळातली घंटाही करते. कसा आवाज? गुडगुड, तडतड, की गुणगुण?"

नातवाला फरक सांगता येईना. 'बझ' या एका इंग्रजी शब्दात त्याच्या लेखी हे सारे सामावले होते. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. ध्वनीचे अनुकरण करणारे शब्द त्यात पानोपानी भेटतात आणि व्याकरणकार त्यांच्याकडे बहुधा कौतुकाने पाहून पुढे जातात. कारागिराला मात्र हे शब्द हत्यारासारखे वापरावे लागतात. आजोबांनी नातवाला ते एकेक करून वापरून दाखविले.

या यंत्राची रचना फार गूढ नाही. एक लिथियमची बॅटरी, तारेचे एक वेटोळे, त्याला लागून कापसाची वात, आणि वातीत मुरणारा ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल व निकोटीन यांचा द्रव. झुरका घेतला की हवेच्या दाबातील फरक एका इवल्याशा पडद्याला कळतो, तो वीज सुरू करतो, वेटोळे तापते आणि द्रवाची वाफ होते. द्रवाचे थेंब तापलेल्या तारेवर फुटतात तेव्हा तडतड होते, ती स्वाभाविक. हवेची वाट अरुंद झाली की शीळ वाजते. बहुतेक यंत्रांत वीज सलग न सोडता तुकड्यातुकड्यांनी सोडतात, आणि हे तुकडे कानाला ऐकू येतील इतक्या वेगाने पडले की वेटोळे व आतील सुटे भाग गुणगुणू लागतात. आणखी एक गंमत अशी की, २००३ साली होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने या यंत्राचा जो आराखडा केला, त्यात वाफ तारेच्या उष्णतेने नव्हे, तर स्फटिकाच्या अतिसूक्ष्म कंपनांनी करावयाची होती. म्हणजे मुळात हे कंपनाचेच अपत्य.

राहिली गुडगुड. हुक्क्यात तीच प्रकृतीची खूण असते, कारण तेथे धूर पाण्यातून यावयाचा असतो. येथे मात्र तिचा अर्थ असा की द्रव वातीत न राहता हवेच्या वाटेत उतरला आहे.

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर एक जुनी आठवण देणे अप्रस्तुत होणार नाही. अकबराच्या दरबारात तंबाखू नेला तो असद बेगने, १६०४ च्या सुमारास, आपल्या शेजारच्या विजापुराहून. हा असद बेग पूर्वी अबुल फझलच्या पदरी होता, आणि अबुल फझलचा वध १६०२ मध्ये ओरछाच्या वीरसिंह देवाने केला होता. त्याच वीरसिंहाने १६१३ साली झाशीचा किल्ला बांधला. त्याचा आश्रयदाता जहांगीर याने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिचे काय झाले हे प्रत्येक पानपट्टीवर दिसते.

आजोबांनी पेचकशाचे टोक नळीला आणि मूठ कानाला लावली. कोणी झुरका घेत नसतानाही आत गुणगुण चालू होती. काही क्षणांनी ती थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. नळी कोमट लागत होती. त्यांनी विचारले, "आधी गुडगुड होत होती का?" नातू हो म्हणाला. निदान तेथेच झाले. हवेच्या वाटेत उतरलेल्या द्रवाने तो पडदा भिजला होता, आणि कोणीतरी झुरका घेत आहे असा त्याचा समज झाला होता. यंत्र आपोआप तापत होते. ठराविक सेकंदांनंतर ते स्वतःला बंद करी, म्हणून आवाज तुटक येई. खिशात किंवा उशीखाली असे तापणारे यंत्र ही थट्टेची बाब नव्हे. बॅटरीतूनच फुसफुस ऐकू आली तर ती आतला वायू सुटल्याची खूण. तेव्हा निदान करीत न बसता दूर व्हावे. आजोबांनी द्रवाची कुपी ओढून वेगळी केली. वेटोळे तिच्यासोबत निघून आले आणि गुणगुण थांबली. दोन्ही भाग लोखंडी परातीत घालून गच्चीवरच्या फरशीवर ठेवण्यात आले.

"म्हणजे वाळलं की चालेल?"

"चालेल कदाचित. पण दोष मी शोधून दिला. दुरुस्त करून देणार नाही."

नातवाने कायदा काढला. २०१९ च्या कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा नाही, असे त्याचे म्हणणे, आणि ते खरे आहे.

"आणणाऱ्याला आहे. पहिल्याच खेपेला वर्षभर कैद किंवा लाखाचा दंड. आणि घरात साठवू देणाऱ्याला सहा महिने. परात माझ्या गच्चीवर आहे, बाळा."

एका नगाला 'साठा' म्हणावे की नाही याचा निर्णय वकिलांनी करावा. खरे तर आजोबांना बोलावयाचे होते ते निराळेच. पहाटे अभ्यंगाच्या वेळी नातवाच्या छातीतून येणारा एक आवाज त्यांनी ऐकला होता, आणि त्याचे नावही त्यांना ठाऊक होते. परंतु मराठीत घरघर हा शब्द केवळ कफाचा उरत नाही. 'घरघर लागणे' म्हटले की शेवट जवळ आला असा अर्थ होतो. आयुष्यभर नेमका शब्द वापरणाऱ्या या माणसाने त्या दिवशी तो टाळला.

"तुझ्या छातीत जरा खरखर वाटते," ते म्हणाले. "केव्हापासून आहे?"

नातू बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पावसाळ्यापासून."

भाऊबिजेच्या दिवशी आजीला परात हवी होती. नातूच वर गेला आणि ती रिकामी करून, धुऊन घेऊन आला. नळीचे काय केले हे त्याने सांगितले नाही. आजोबांनी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टरांकडे जावयाचे होते, आणि रिक्षा सांगून ठेवण्याचे काम आजोबांनी आपल्याकडे घेतले.